फिल्टरमधला जवळा

“परत गढूळ! कालच तर पाणी बदललं,” हॉलमधल्या माशांच्या टाकीचा फिल्टर उघडताना माझा नवरा पुटपुटला. “दुकानदाराने डुप्लिकेट माल गळ्यात मारलाय.”

त्याने फिल्टरचा स्पंज पिळला, तशी तांबूस चुऱ्याची पेंड बोटांना चिकटली आणि घरभर सुक्या जवळ्याचा वास सुटला. अर्नाळ्याहून आमच्या विरारच्या फ्लॅटवर राहायला आलेल्या सासूबाईंचा जवळ्याचा डबा स्वयंपाकघरात होता, हे नवरा, लेक आणि मी, आम्हा तिघांनाही माहीत होतं. पण जन्मभर मासळी सुकवून विकलेल्या बाईला माशांना काय घालावं, हे सांगणार कोण?

“टँकरचं पाणीच खराब असेल,” मी म्हटलं.

“टँकरचंच,” मोबाईलवर बोट फिरवत लेक अश्लेषाने री ओढली. म्हातारीचं मन आपण किती सांभाळतो, असं मला उगाच बरंही वाटून गेलं.

“बास झालं आता,” नवऱ्याने हात धुतले. “मासे जगायचे नाहीत असे. टाकी देऊन टाकतो कुणाला तरी. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकतो.”

टाकीशेजारी खुर्ची घेऊन बसलेल्या सासूबाई एकदम उठल्या. काचेवर हात ठेवून म्हणाल्या, “नको देऊ रे जितू. पानी चांगलं हाय. जवळा मीच टाकते.”

अश्लेषाने मोबाईलवरून मान वर केली, तशा सासूबाई पुढे म्हणाल्या,

“काय करू? या घरात मी समोर बसले का हे मासेच तेवढे माझ्याकडं बघतात.”