बतूलचा आवाज

परदेशी पाहुण्या बाईंनी पडद्यावरच्या खेळातल्या हिरव्या बटणाला बोट लावलं आणि बतूलचा आवाज हॉलभर घुमला. "बाबा, मला लग्न नाही करायचं. मला शिकायचंय."

खेळातल्या बापाने लगेच मुलीला जवळ घेतलं. सोनेरी चांदण्या उधळल्या, वीस गुण जमा झाले. अम्मानच्या त्या हॉटेलात टाळ्यांचा कडकडाट झाला.

मुलींना शिकवणारी सौसन कोपऱ्यात उभी होती. मफ्रक गावातल्या संस्थेच्या केंद्रात, खेळासाठी हे वाक्य तिनेच बतूलकडून अकरा वेळा म्हणून घेतलं होतं. रडवेली होऊ नकोस, ठाम बोल, असं बजावलं होतं. बतूल हसत म्हणाली होती, "बाई, एवढं ठाम बोलले तर घरात थप्पड बसेल."

दोन दिवसांपूर्वी, सोमवारी, सौसन बतूलच्या घरी गेली होती. बतूल आठ दिवस केंद्रात आली नव्हती. तिची आई, उम्म हुसाम, दारातच बोलली. "शुक्रवारी निकाह आहे. मुलाचं मोबाइलचं दुकान आहे."

"मुलगा केवढा?"

"चौतीस."

"ती पंधराची आहे, उम्म हुसाम. कोर्ट परवानगी देणार नाही."

"कोर्टात कोण जातंय? शेख घरी येऊन निकाह लावतील."

"आणि ती? ती काहीच बोलली नाही?"

"बोलली ना. तुम्ही शिकवलेलं सगळं बोलली. बापाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, झालं? आता पाहुण्यांना चहा दे."

आतल्या खोलीच्या दाराशी बतूल उभी होती. ती सौसनकडे बघत होती.

सौसन तशीच तडक अम्मानच्या कार्यालयात गेली. संस्थेचे प्रमुख मुईन आमंत्रणपत्रिका तपासत बसले होते. तिने सगळं सांगितलं, तरी त्यांनी मानही वर केली नाही. "खेळाच्या उद्घाटनाचा बुधवारचा कार्यक्रम होऊन जाऊ दे. मग बघू."

"मग एकच दिवस उरतो."

"तोवर कार्यक्रमाच्या पत्रकातला तिचा फोटो काढून टाक. उद्या कुणी विचारलं तर पंचाईत नको."

आज बुधवार होता. मुईन गर्दीतून तिच्याजवळ आले आणि दातांमधून पुटपुटले, "जरा हसत राहा. तोंड बघ तुझं."

सौसन हसली नाही. ती सरळ पुढे गेली आणि तिने माइक हातात घेतला.

"आत्ता तुम्ही जिचा आवाज ऐकलात, ती मुलगी पंधरा वर्षांची आहे. परवा तिचं लग्न लावताहेत. पहिल्या रांगेत सरकारी अधिकारी बसलेत. तुमच्यापैकी एकाने आत्ता फोन उचलला तर ते थांबेल."

कुनाफा मिठाईच्या बशांतले चमचे थबकले. अधिकाऱ्यांनी आपापल्या बशीत मान घातली. मुईनचा चेहरा पांढराफटक पडला.

पाहुण्या बाई मात्र उठल्या. या खेळाला सगळा पैसा त्यांच्या संस्थेने दिला होता. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी सौसनचे दोन्ही हात हातात घेतले, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच सौसनचा जीव जरा भांड्यात पडला.

"शुक्रवारी ना?" त्यांनी मोडक्यातोडक्या अरबीत विचारलं.

"हो."

"मग आपल्याला तिथे कॅमेरा नेता येईल?"