करमुक्त नातं

कांचनने नासीरशी लग्न केलं, तेव्हा धुळ्याच्या झुंबरलालशेठनी "मला बहीण नाही" असं भर बाजारात सांगितलं होतं. पुढे लंडनला ती विधवा झाली, तरी त्यांनी तिचा फोन घेतला नाही. गेल्या वर्षी ती वारली. मूलबाळ नव्हतं, म्हणून तिचं घर विकून आलेली रक्कम आता भावाला मिळणार होती.

शेठ तडक सीएकडे गेले. "आमचा तिच्याशी काही संबंध नव्हता हो. मग टॅक्स मला कशाला?"

"टॅक्स नाहीच, शेठ. सख्ख्या बहिणीचा वारसा आहे, त्यावर इथे कर लागत नाही. पण संबंधच नाही म्हणालात, तर पैसेही नाहीत."

दुसऱ्या दिवशी धुळ्यातल्याच देवपूरच्या चौकात शेठच्या हात जोडलेल्या फोटोसह भलामोठा फ्लेक्स झळकला:



"आमची लाडकी बहीण कांचन हिला भावपूर्ण श्रद्धांजली!"