हमीपत्राची खातरजमा

"साहेब, बँकेच्या मुख्य कार्यालयाला विचारून घेऊ का?" सुष्मितानं फाइल पुढे करत विचारलं.

"कशाला? हमीपत्रावर शाखेचा पत्ता छापलाय की! मी स्वतःच जाऊन येतो," दिनानाथ म्हणाले. कार्यकारी अभियंता झाले तरी फोनवर भागवणं त्यांना कधी जमलं नाही.

काम सरकारी शाळेच्या इमारतीचं. ठेकेदारानं मध्येच पळ काढला तर बँकेनं भरपाई द्यायची, त्याचंच हे हमीपत्र. मागच्या खेपेला ते खोटं निघालं. सही करणारा अभियंता घरी बसला आणि पोरं अजून पत्र्याच्या शेडमध्ये शिकताहेत. दिनानाथांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. भीती वाटत होती त्यांना, खोटं कशाला बोला!

शाखा चेन्नईतल्या नुंगंबाक्कमला, दुसऱ्या मजल्यावर. आत एसीचा गारवा. बाकांवर दहा-बारा माणसं बसलेली, सगळी गप्प. कुणी मोबाइलसुद्धा बघत नव्हतं. दिनानाथ आत शिरले तशा साऱ्यांनी एकदम माना वर केल्या आणि एकदमच खाली घातल्या.

काउंटरवरून सतरा नंबर पुकारला गेला. कुणी उठलं नाही. मग अठरा. तरीही नाही. दिनानाथ दाराशीच घुटमळले.

"या, या! बसा," मॅनेजर व्यासराज केबिनच्या दारात उभे होते. चक्क मराठीत! हेल तंजावरी, पण मराठीच. "पिढ्यान् पिढ्या इकडंच गेल्या आमच्या. घरची भाषा बोलायला माणूस मिळत नाही हो."

दिनानाथांचा जीव भांड्यात पडला. व्यासराजांनी रजिस्टर उघडून हमीपत्राची नोंद दाखवली, 'खरे आहे' असं पत्र लिहून त्यावर सही-शिक्का केला, वर फिल्टर कॉफीही पाजली.

"इतकं जातीनं येणारे साहेब आता राहिलेत कुठे!" ते म्हणाले.

जिन्यातच दिनानाथांनी फोन लावला. "सुष्मिता, सगळं चोख आहे. कामाचा आदेश दे ठेकेदाराला. आगाऊ रक्कमही सोड."

फोन कानाला लावूनच दोन मिनिटं ते कठड्याला टेकून थांबले.

"सोडली, साहेब. आदेश घेऊन ठेकेदार गेलेसुद्धा," पलीकडून सुष्मिता म्हणाली.

हुश्श! दिनानाथ हसतच खाली उतरू लागले. समोरून एक बाई धापा टाकत जिना चढत होती. त्यांना पाहून ती थबकली आणि तमिळमध्ये कुजबुजली,

"अय्या, बस चुकली हो माझी. तुम्हीही गिऱ्हाईक म्हणून रोजावर बसायला आलात ना? तो सरकारी साहेब येऊन गेला का?"