करंगळीशेजारचं बोट

अंगठा.

"नाव सांगा, आजी."

रंगुबाईनं डावा हात टेबलावर पसरला. उजव्या हातानं त्याचा अंगठा धरला. "रंगुबाई तात्याबा गडदे. वय शहात्तर."

"बरोबर हाय," मागून तिचा मुलगा म्हणाला.

"तुम्हाला विचारलेलं नाही, नाथाजी," टेबलापलीकडून प्रांताधिकारी बाई म्हणाल्या.

पहिलं बोट.

"जमिनीचं बक्षीसपत्र केलंत तेव्हा त्यात अट होती. आईला शेवटपर्यंत सांभाळायची. मुलगा सांभाळतो?"

तिनं पुढचं बोट धरलं. "नाथाजी लय गुणाचा हाय. काय कमी पडू देत न्हाई."

प्रांतबाईंनी ते लिहून घेतलं. त्यांच्यासमोर रंगुबाईच्या लेकीचा अर्ज होता. सोनिया लोणंदला दिलेली. आईला मारतात, उपाशी ठेवतात, जमीन आईच्या नावावर परत करा, असं तिनं लिहिलं होतं. आता सगळं आईच्या जबाबावर होतं. आईनं तक्रार न्हाई म्हटलं, की अर्ज निकाली. मग संध्याकाळी नाथाजीच्याच गाडीवर मागं बसून घरी. सोनिया भिंतीला टेकून उभी होती. आई तिच्याकडं बघत नव्हती.

मधलं बोट.

"जेवण?"

"दोन टायम. पोटभर. वर दूध असतंय."

नवरा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा, तेव्हा मागं राहिलेली कोकरं रंगुबाई अशीच बोटं धरून मोजायची. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कोकरू कधी चुकलं नाही. नाथाजीनं तेच हेरलं. आठवडाभर चुलीपुढं बसून त्यानं एकेका बोटावर एकेक उत्तर बसवलं. चुकली की परत अंगठ्यापासून.

करंगळीशेजारचं बोट.

 

करंगळी.

"माझी काय तक्रार न्हाई."

नाथाजी पुढं आला. "झालं की, मॅडम. कुठं उठवायचा अंगठा? सही येत न्हाई तिला."

प्रांतबाईंनी कागद पुढं सरकवला नाही. त्या टेबलावरच्या हाताकडं बघत होत्या.

"आजी, करंगळीशेजारचं बोट सोडलंत."

"त्याच्यावर काय न्हाईच, मॅडम," नाथाजी बोलून गेला. मग घाईनं म्हणाला, "म्हंजे, दारात चेमटलंय ते. म्हातारं माणूस. ध्यान नसतंय."

बोट मधल्या पेरात वाकडं झालं होतं. काळंनिळं. धरता येण्यासारखं नव्हतंच.

"कुठल्या दारात?"

"घराच्या."

"कोण लावत होतं दार?"

नाथाजीनं आईकडं बघितलं. आठवडाभर चुलीपुढं बघायचा तसंच.

प्रांतबाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. खुर्ची थोडी पुढं ओढली. "आजी, ह्या बोटाचं उत्तर काय?"

रंगुबाईनं सावकाश, दुखणार नाही अशा बेतानं, ते बोट उजव्या तळव्यात घेतलं. मग पहिल्यांदाच मान वर केली.

"ह्याचं त्यानं शिकवलं न्हाई, बाई," ती म्हणाली. "हे माझं मलाच पाठ हाय."