वीस घरांचं पाणी

"बाबा, थांबा! तुडूम उघडू नोका!"

तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, धुरपता धावत आली. हातात काठी आणि मागे निम्मं गाव. तुडूम म्हणजे तलावाच्या पोटातलं पाणी सोडायचं तोंड. त्याच्या दट्ट्यावर तेजरामचा हात तसाच थांबला. तो धुरपताचा बाप आणि गावाचा पाणकर. पाटाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या तुकड्यात, किती न्यायचं हे त्याचं घराणं ठरवत आलं होतं, आणि तेही नुसत्या नजरेनं. त्याच्या बापानं तसंच केलं, त्यानंही तसंच केलं.

पण साल होतं एकोणऐंशी. पोळा झाला आणि पाऊस जो गेला तो गेलाच. धान गर्भात आलेला आणि बांध्यांना पाय अडकेल अशा भेगा. आग लागो त्या आभाळाला! गावाची रीत ठरलेली होती. पाणी कमी असलं तर सगळ्यांना थोडं थोडं द्यायचं.

"काय झालं वं?" तेजरामनं विचारलं.

"सगळ्याईले थोडं थोडं देलं, तं सगळ्याईचंच मरते."

धुरपता साकोलीच्या शाळेत नववीत होती. मागच्या आठवड्यात एक दिवस पाणी सोडलं, तेव्हापासून ती पाणी मोजायला काठी घेऊन तलावात उतरत होती. आता तिनं पारीवरच्या मातीत रेघा मारून सगळं मांडलं. तुडुमाच्या वर पाणी उरलं वीस बोटं. एका दिवसात उतरतं चार बोटं. म्हणजे पाच दिवसांचं पाणी. एका दिवसात चार घरांच्या बांध्या नीट भिजतात, तर पाच दिवसांत वीस. गावात घरं बेचाळीस. अर्धं अर्धं वाटलं तर भेगाच ते पिऊन टाकणार, मुळाला काही मिळणार नाही.

"मंग कोणते वीस?" भय्याजीनं विचारलं. गावातली मोठी शेती त्याची आणि तीही पाटाच्या पार शेवटी.

"तलावाजवळचे पहिले वीस. दूर नेलं तं पाटातच मुरते."

लोक बोटांवर घरं मोजायला लागले. एकोणिसावं घर निघालं तेजरामचं. एकविसावं मनकर्णाबाईचं.

झालं! भय्याजी खवळला. "वा रे पाणकर! पोट्टी कायले शिकवली, ते आता समजलं!"

"काका, चुकलं असन तं तुमी मांडून पाहा ना," धुरपता रडवेली होऊन म्हणाली.

चौथी शिकलेले दोघं पुढे झाले, रेघांपाशी बसले, मध्येच अडकले आणि धोतर झटकत उठले. बाकीच्यांना तेवढंही येत नव्हतं. पोरगी फसवते आहे असंही म्हणता येईना आणि खरं आहे असंही म्हणवेना.

मनकर्णाबाई गर्दीतून पुढे आली. नवरा नाही, लेक नाही. घरात ती आणि आठ वर्षांची नात शकुन. दोन बांध्यांत पिकेल तोच दोघींचा वर्षाचा भात. तेजरामची माय बाळंतपणात गेली तेव्हा ह्याच बाईनं त्याला अंगावर पाजलं होतं.

"तेजराम, माझा धान गर्भात हाये रे बापू. दोनच बांध्या. नाही म्हणू नको."

तेजरामनं लेकीकडे पाहिलं. धुरपतानं मान हलवली. "नाही पुरत, बाबा. वीस म्हणजे वीस."

'आमच्यातलं काकीले देऊ', हे तेजरामच्या अगदी ओठावर आलं. पण घरात सात तोंडं होती. त्यानं ओठ मिटले आणि दट्ट्या ओढला. पाणी धो धो पाटात पडलं आणि मनकर्णाबाई पाठ फिरवून आपल्या बांध्यांकडे चालू लागली.

पाचव्या दिवशी दुपारी विसाव्या घराची शेवटची बांधी भिजली आणि तुडूम आटलं. धुरपताचं गणित बोटभरही चुकलं नव्हतं. पण तिला कोणी शाबास म्हटलं नाही. विहिरीवर ती गेली की बाया घागरी उचलून बाजूला होत.

पंधरा दिवसांत अलीकडचा धान निसवला, पलीकडचा पांढरा पडला. मनकर्णाबाईनं उभा धान बैलांच्या चाऱ्यासाठी कापून टाकला. विळा हातात तसाच, नातीचं मनगट धरून ती थेट तेजरामच्या अंगणात आली. तेजराम उठून उभा राहिला.

"काकी, मी..."

"तू चूप बस. मले पोरीसंग बोलाचं हाये." ती धुरपताकडे वळली. "खरं सांग, तुझं गणित चुकलं व्हतं?"

"नाही, आजी."

"मले बी तसंच वाटते. आता माझं आयक. तुमच्या सहा बांध्या भिजल्या. चार भिजवल्या असत्या, तं माझ्या दोन जगल्या असत्या. तसं कायले नाही मांडलं?"

पाच दिवस, वीस बोटं, बेचाळीस घरं, सगळं धुरपतानं तीनतीनदा तपासलं होतं. हे मात्र एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं.

"सुचलंच नाही, आजी," ती कशीबशी म्हणाली. तेजराम खाली पाहत राहिला. त्याला सुचलं होतं.

"कसं सुचन? तू तुमच्या घरची." म्हातारीनं शकुनला पुढे ढकललं. पोर विळ्याकडे पाहत उभी राहिली.

"उद्या हिले शाळेत ने अन् नाव घाल. पुढच्या दुष्काळात गणित आमी मांडू."