मोड आलेली चवळी

उसळ फक्कड झाली होती, हेच तर दुखणं होतं. कढईवरचं झाकण हातात धरून विशाखा नुसती बघत राहिली. तांबडी चवळी, वर कोथिंबीर, आणि दाण्यादाण्याला कालचा तो पांढरा मोड.

"आत्या, ही कुठली चवळी घेतली तुम्ही?"

"खिळ्याला फडक्यात टांगलेली. मोड कसे झकास आले होते!" सासूबाई, चंपाबाई, भाकरी थापत म्हणाल्या. "म्हटलं, तुला शाळेची घाई, त्यात तुझे आबा बी यायलेत पैठणहून. करून टाकली."

"अहो, ते बी होतं! बी! कुंडीत लावायचं होतं मला!"

"मंग तसं सांगावं माणसानं. फडक्यातली चवळी बघून मला काय सपान पडणार हाय व्हय?"

सांगणार कसं? तिच्या बागायतीची घरात आधीच थट्टा चालली होती. पहिल्या खेपेला तिनं कुंडीत एवढं पाणी ओतलं की दाणे कुजून वास सुटला. इथं छावणी भागात नळाला पाणी येतंय आठवड्यानं आणि ही बाई चवळीला अंघोळ घालतेय, म्हणून नवरा पोट धरधरून हसला होता. दुसऱ्या खेपेला कबुतरांनी कुंडी उकरून सगळं फस्त केलं. म्हणून या खेपेला मोबाइलवर बघून, कुणाला न सांगता, तिनं उरलेलं बी ओल्या फडक्यात बांधलं होतं. उरलेलं सगळं! डोकं फिरलं होतं तिचं, दुसरं काय. आबांचं शेत नव्या रस्त्यात गेलं, तेव्हा बांधावरच्या चवळीचं शेवटचं डबाभर बी त्यांनी लेकीच्या हातावर ठेवलं होतं. दुसरीकडं ते कुठंच नव्हतं. आता कढईत होतं.

त्यात आबा फोनवर दर वेळी विचारायचे, "उगवली का?" एकदा वैतागून हिनं ठोकून दिलं, "उगवली म्हणजे काय, वेल गच्चीच्या कठड्याला लागलाय!" तो वेल बघायलाच म्हातारा आज एसटीत बसला होता.

आणि आलाच. तिचे आबा, अप्पाराव, पाय धुऊन पाणी प्याले आणि स्वयंपाकघरातच भिंतीला टेकून बसले. उसळ वाढू नका, असं विशाखानं डोळ्यांनी किती खुणावलं. चंपाबाईंनी वाढलीच. घरात दुसरं कालवण नव्हतं.

पहिला घास घेऊन अप्पाराव थांबले.

"ही तर आपल्या बांधावरची चवळी."

"व्हय," चंपाबाई म्हणाल्या.

"वेलाला इतकी आली?"

विशाखानं त्यांच्या ताटलीत आणखी एक भाकरी वाढली. खोटं बोलायला जीभ रेटेना, खरं सांगायची हिंमत होईना. सासूचा राग आला, कबुतरांचा आला, त्या मोबाइलवाल्या शहाण्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा.

अप्पारावांनी ताटली पुसून खाल्ली. मग हात धुता धुता विचारलं, "बी ठेवलंस ना थोडं?"

आता मात्र तिला रडूच फुटायचं बाकी होतं. तेवढ्यात चंपाबाई उठल्या, ओट्यावरची एक वाटी आणून त्यांच्यापुढं ठेवली.

"ठेवलंय की."

वाटीत गणंग होते. रात्रभर ओलीत राहूनही न भिजलेले, मोडाचं नाव नसलेले टणक दाणे. कुणाचा दात पडायला नको म्हणून चंपाबाईंनी उसळीआधी निवडून काढलेले.

अप्पारावांनी एक दाणा दाताखाली धरून बघितला. त्यांची नजर खिळ्यावरच्या ओल्या फडक्यावर गेली, तिथून खिडकीबाहेरच्या कुंडीवर. कुंडीत कबुतर बसलं होतं.

रुमाल पसरून त्यांनी निम्मे दाणे त्यात बांधले आणि वाटी लेकीकडं सरकवली.

"हे तू लाव, माय. गणंग उशिरा का होईना, उगवतंच. निम्मं माझ्यापाशी राहू दे," ते म्हणाले. "तुमच्या घरात उसळ लई चांगली होते."