दारासमोरचा थांबा

आमच्या दारासमोर बसथांबा आणि भाड्याच्या सायकलींचा तळ करायचं ठरलं. नकाशा घेऊन आलेल्या साहेबाला मी उभा-आडवा घेतला. "माझं दार म्हणजे काय धर्मशाळा वाटली?" लेकीला कुबड्या लागल्यापासून ती माहेरी फिरकली नव्हती, तो रागही त्याच्यावरच काढला. विरोधाच्या कागदावर सगळ्या गल्लीच्या सह्या घेतल्या, पहिला अंगठा माझा. थांबा पार पुलापलीकडे गेला.

साहेब ते सांगायला आला. "जिंकलात, आजी. थांबा इथेच हवा म्हणणारा एकच अर्ज होता, एका बाईचा."

"कोण ती भवानी? वाच बघू."

त्याने वाचलं,

"थांबा दारात झाला, तर कुणाचा हात न धरता मला आईकडे जाता येईल."